शिकाऊ उमेदवार योजना परवडते का? हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

पोळा जवळ आला की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत दोन चर्चा सुरू होतात. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या, दिवशी कोण कोण दांडी मारणार, आणि यंदा आयटीआयतून निघालेले पोट्टे कोणाच्या हाताला लागणार. दुसऱ्या चर्चेत हमखास कोणीतरी मला गाठतं. "वैनी, ते सरकारी अप्रेंटिसचं तुम्ही केलं न? परवडते का?" टपरीवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. नुसतं हो म्हटलं तर लोक उद्याच तीन पोरं आणून मशीन पुसायला लावतील, आणि नाही म्हटलं तर ते खोटं होईल. म्हणून एकदाच बैठक मारून लिहिते.

ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी रेटिंग आधीच देऊन टाकते. मालक म्हणून पाचपैकी चार तारे. शिकायला येणाऱ्या पोराच्या जागी उभी राहिले तर तीन. हा फरक का, ते पुढे येईलच.

आमचं वर्कशॉप आयसी चौकातून आत गेलं की लागतं. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), तीन जुने लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन), एक मिलिंग. बुश (जाड धातूची छोटी नळी), पिन, शाफ्ट, थोडे पंपाचे पार्ट, असं जॉबवर्क. ठेकेदाराची माणसं धरून वीस-बावीस जण. शेड माझे मिस्टर आणि आमचे हेड मिस्त्री बघतात. बिलं, बँक, पोर्टल आणि लोकांच्या सह्या हे माझ्याकडे.

शिकणारी पोरं आमच्याकडे आधीही होतीच. कोणाचा तरी भाचा, कोणाच्या तरी गावचा. त्याला 'ट्रेनी' म्हणायचं, महिन्याला हातावर काहीतरी ठेवायचं. कागद नाही, करार नाही. अशा पोरांतले एखाद-दोघे चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा कचरा, उचलता उचलता टर्नर (लेथ चालवणारे कारागीर) झाले, बाकीचे दुसरीकडे हेल्पर म्हणून गेले. आमचे सीए मात्र दरवर्षी मान हलवायचे. असा बिननोंदीचा ट्रेनी कायद्याच्या नजरेत कामगार ठरू शकतो, आणि मग किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) असं सगळं मागच्या तारखेपासून अंगावर येतं. या योजनेकडे आम्ही वळलो ते त्यांच्या धास्तीने. समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती, उगाच मोठेपणा कशाला घ्या.

नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार हे प्रकरण 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालतं. मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, पोरगा अठरा वर्षांखालचा असेल तर पालकाची सही लागते, आणि तो करार सरकारकडे नोंदवला जातो. ट्रेड (टर्नर, फिटर असा कामाचा प्रकार) ठरलेला, मुदत ठरलेली, अभ्यासक्रम ठरलेला. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकते. आयटीआय करून आलेल्या टर्नरला साधारण वर्षभर. शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. कायदा त्याला शिकणारा मानतो, कामगार मानत नाही, त्यामुळे पीएफ-ईएसआय लागत नाही. पण काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाई कामगारासारखीच द्यावी लागते, आणि कारखान्यातल्या कामगारांसाठीचे सुरक्षिततेचे, आरोग्याचे, सोयींचे नियम त्यालाही लागू. हे दुसरं वाक्य बरेच मालक ऐकू न आल्यासारखं करतात.

कोणाला घ्यावेच लागतात? 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे, तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील त्या आस्थापनेला सक्तीचं. चार ते एकोणतीसपर्यंत ऐच्छिक. माणसं मोजताना ठेकेदाराची धरायची, तिथे चलाखी चालत नाही. घ्यायचे किती, तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. आमच्या वीस-बावीस माणसांवर पंधरा टक्के म्हणजे तिघं. म्हणजे आम्हाला कोणी सक्ती केलेली नाही, आणि हौस आली म्हणून दहा पोरं भरताही येत नाहीत. ज्यांना सक्ती आहे आणि जे घेत नाहीत त्यांना 2014 च्या दुरुस्तीने दंड ठेवला. कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा 500 रुपये, पुढे दरमहा 1,000. पूर्वी तुरुंगाची तरतूद होती, ती काढली. हा दंड भरून मोकळे होणारेही असतील, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

आता पैशाचं. सगळ्यांना तेच आधी ऐकायचं असतं.

2019 च्या दरांप्रमाणे पाचवी ते नववी झालेल्याला महिना किमान 5,000 रुपये विद्यावेतन, दहावीला 6,000, बारावी किंवा आयटीआयला 7,000, डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 9,000. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने ही 5,000 ते 9,000 ची चौकट 6,800 ते 12,300 करावी अशी शिफारस केली, तेव्हा करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर सरकारच्या पोर्टलवर बघून घ्या. यात सरकारचा वाटा आहे, 2016 पासून. विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त 1,500. पूर्वी मालकाने सगळे द्यायचे आणि मग सरकारकडे मागायचे असं होतं. आता सरकारी वाटा सरळ पोराच्या खात्यात जातो आणि मालकाने आपला तेवढा भरायचा. माझ्या मते या योजनेत झालेली ही सगळ्यात शहाणपणाची सुधारणा. छोट्या धंद्याला हातातला पैसा अडकवून ठेवणं जमत नाही.

म्हणजे आयटीआयच्या पोराचे 7,000 धरले तर 1,500 सरकारचे आणि 5,500 आपले. आम्ही वरून आणखी घालतो, कारण 7,000 मध्ये एमआयडीसीत खोली, डबा आणि जाणं-येणं भागत नाही. ज्याला महिनाअखेर उसने मागावे लागतात तो पोरगा शिकत नाही, तो ओव्हरटाइम कुठे मिळेल ते बघत फिरतो. हेल्परचं किमान वेतन याच्या बरंच वर आहे. विद्यार्थ्याच्या बाजूचे दोन तारे मी कापले ते इथे. कायदा म्हणतो तो कामगार नाही, शिकतो आहे. मान्य. पण पोट तर कामगाराएवढंच आहे न बापा?

अमेरिकेतली रजिस्टर्ड अप्रेंटिसशिप 1937 च्या कायद्यावर उभी आहे. तिथे अप्रेंटिस पहिल्या दिवसापासून पगारी नोकर असतो आणि हात जसा बसेल तसा पगार टप्प्याटप्प्याने चढतो. तासांवर मोजायच्या कार्यक्रमात किमान 2,000 तास प्रत्यक्ष काम, आणि जोडीला वर्षाला 144 तास वर्गातलं शिक्षण असावं अशी शिफारस. आपल्याकडे चौकट तीच आहे: काम, वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र. पण पगाराच्या जागी विद्यावेतन आलं आणि तिथेच पोरांचा विश्वास थोडा ढळतो. परवडत असेल त्या मालकाने किमान दरावर थांबू नये, एवढंच माझं म्हणणं. किमानपेक्षा जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही.

गोंधळ नको म्हणून हेही सांगते. लोक ज्याला 'लाडका भाऊ' म्हणतात ती 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. तिच्यात विद्यावेतन राज्य सरकार देतं, आणि शेवटी ट्रेडची परीक्षा नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी दोन्ही योजना एकाच श्वासात बोलतात आणि मग कागद चुकीचे आणतात.

कागदांबद्दल फार रडगाणं गाणार नाही. नोंदणी 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर. आस्थापनेची नोंद, जागा टाकणं, उमेदवार निवडणं, करार, सगळं तिथेच. नागपुरात श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पोरं बहुतेक तिथली किंवा सावनेर, काटोल, उमरेडकडच्या आयटीआयची. अडकतं कुठे, तर नावात. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या सनदेवर दुसरं, आयटीआयच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नावच गायब. आणि खातं आधारला जोडलेलं नसेल तर सरकारचे 1,500 हवेतच लटकतात. एका पोराचे असे कित्येक महिने लटकले. बँकवाले म्हणायचे जोडलं आहे, पैसे म्हणायचे जोडलेलं नाही. शेवटी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं तेव्हा सुटलं. आता मी करार करायच्या आधीच पोराला पाठवून खातं तपासून घेते.

पहिल्या वर्षी एका एजन्सीला काम दिलं होतं. नाव घेत नाही. प्रत्येक उमेदवारामागे फी, 'मॅडम तुम्ही फक्त सही करा' अशी गोड भाषा. त्यांनी टर्नर ट्रेडच्या पोराचा करार फिटर ट्रेडमध्ये टाकला. कागदावर एवढासा फरक, पण परीक्षा फिटरची आली असती. तो करार रद्द करून नवा करण्यात जो वेळ गेला त्यात मी तीन पोरांचे फॉर्म स्वतः भरले असते. एकदा बसलं की जमतं, जीएसटी भरणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. विद्यावेतन मात्र पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत गेलं पाहिजे, आणि त्याची नोंद पोर्टलवर टाकली पाहिजे.

हे सगळं झालं ऑफिसातलं. खरा मामला शेडमध्ये.

पहिली दोन पोरं आली आणि पंधरवड्यात आमचे मिस्त्री टेबलासमोर येऊन उभे राहिले. "वैनी, पोट्ट्याले शिकवू का माल काढू, एक काय ते सांगा." माणूस तीस वर्षं लेथवर. कानाने सांगतो की इन्सर्ट (कापायचं टोक) गेला. त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्यांना उत्पादनावर इन्सेंटिव्ह, आणि पोरापाशी घालवलेला प्रत्येक तास त्यांच्या खिशातून जात होता. आपण मालक लोक गृहीत धरतो की जुना कारागीर प्रेमाने शिकवेल, उस्ताद-चेला वगैरे. प्रेमाने तो मुलाला सायकल शिकवेल. कारखान्यात त्याला घरी द्यायचा आकडा असतो. आणि मनात दुसरी भीती असते, जी तो बोलून दाखवत नाही: हा शिकला तर उद्या माझ्या जागी हाच.

आम्ही दोन गोष्टी केल्या. रोजचा एक तास मिस्त्रींच्या टार्गेटमधून वजा केला, आणि पोरामागे दरमहा भत्ता लावला. त्या भत्त्याचा अर्धा भाग पोरगं परीक्षा पास झाल्यावर मिळतो. त्यानंतर मिस्त्रींची भाषाच बदलली. "माह्या पोट्ट्याले तिकडे पॅकिंगले नेऊ नका," असं ते माझ्या मिस्टरांना सुनावू लागले. ज्या मालकांना योजना 'परवडली नाही' त्यांना मी एकच विचारते, मिस्त्रीला काय दिलं? विद्यावेतनाचा आकडा सगळ्यांना दिसतो. मिस्त्रीच्या तासाचं बिल कुठल्याच वहीत दिसत नाही, आणि खर्च तिथे आहे.

तो तास कसा जातो त्याचा एक नमुना सांगते. मे महिना, पत्र्याची शेड, कूलर म्हणजे गरम हवा ढकलायचं यंत्र. सावनेरकडच्या एका पोराने 50 मिलिमीटर बोअरचा (आतल्या भोकाचा) बुश लेथवर काढला. वरची मर्यादा 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खाली शून्य, म्हणजे भोक तेवढं मोठं चालेल, लहान नाही. मशीनवरून जॉब उतरवला आणि लगेच प्लग गेज (भोक तपासायची दांडी; तिची गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये) घातला. गो बाजू सरकन आत, नो-गो अडली. पोरगा खूश. मिस्त्रींनी काही न बोलता बुश सरफेस प्लेटवर ठेवला आणि त्याला चहा आणायला पाठवलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, आता घाल. गो बाजू तोंडावरच अडकली. पोरगा गेजकडे बघतो, बुशकडे बघतो. मग मिस्त्रींनी वहीत गणित मांडलं. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. जॉब पस्तीस-चाळीस अंशांनी तापलेला असेल तर 50 मिलिमीटरच्या बोअरला वीस-तेवीस मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे जवळपास अख्खा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) उन्हात आणि कटिंगच्या तापात गेला. जगभर माप 20 अंशाला धरतात. नागपुरात मे महिन्यात 20 अंश म्हणजे फ्रिजमध्ये बसूनच मोजावं लागेल, हे मिस्त्रींचं वाक्य. पण जॉब आणि गेज दोन्ही एकाच तापमानाला येऊ दिले तरी निम्मी डोकेदुखी जाते. आयटीआयत त्या पोराने हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. हातात कळलं ते त्या दिवशी. त्या उन्हाळ्यात आमचं बुशचं रिजेक्शन बऱ्यापैकी खाली आलं, कारण तो पोरगा सीएनसीवरच्या जुन्या ऑपरेटरलाही टोकायला लागला.

आता नोंदणीचा मुद्दा, ज्यासाठी मी चार तारे देते. बिननोंदीच्या ट्रेनीला हेच शिकवता आलं नसतं का? आलं असतं. पण शिकवलं नव्हतं, हे सत्य आहे. नोंदणी झाली की अभ्यासक्रम येतो, आणि अभ्यासक्रमाला तुमच्या ऑर्डर बुकाशी देणंघेणं नसतं. त्यात टेपर टर्निंग (निमुळता आकार कापणं) आहे, लेथवर थ्रेड (आटे) कापणं आहे, त्यासाठी चेंज गिअर लावणं आहे. आमच्याकडे ऑर्डर बुशच्या. आमच्या मर्जीवर सोडलं असतं तर पोरांनी वर्षभर फेसिंग (तोंड सपाट करणं) आणि बोअरिंगच (भोक मोठं करणं) केलं असतं. अभ्यासक्रमापायी कोपऱ्यातला जुना लेथ चालू केला, गिअरांचा डबा शोधून काढला. मिस्त्री आधी कुरकुरले, मग त्यांनाच मजा यायला लागली. पुढे एका ग्राहकाचा जुना पंप शाफ्ट आला, थ्रेड असा की बाजारात नट मिळेना. सीएनसीवर प्रोग्राम करून एका नगासाठी सेटिंग लावण्यापेक्षा त्या पोराने जुन्या लेथवर जोडी काढून दिली. तो ग्राहक तेव्हापासून दुरुस्तीची कामंही आमच्याकडेच पाठवतो.

दुसरी वस्तू डायरी. शिकाऊ उमेदवाराने रोज काय काम केलं ते लिहायचं आणि वरच्याने सही करायची. बहुतेक ठिकाणी ही डायरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत लिहिली जाते, एकाच पेनाने. आमच्याकडे शनिवारी माझ्या टेबलावर येते. एकदा एका पोराच्या डायरीत आठवडाभर तेच वाक्य दिसलं: 'मशीन सफाई केली, चिप्स उचलल्या.' पोरगं प्रामाणिक, जे केलं ते लिहिलं. मी ती डायरी उचलून मिस्टरांच्या हातात दिली, काही बोलायची गरज पडली नाही. डिस्पॅचची घाई होती आणि पोरगं सगळ्यांना फुकटचं सापडलं होतं. सोमवारपासून ते पुन्हा लेथवर. करारात आपली सही असते, आणि मालकाने अटी मोडल्यामुळे करार तुटला तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाएवढी भरपाई द्यावी लागते. रक्कम मोठी नाही. पण आपण काहीतरी देणं लागतो हे कागदावर असलं की माणूस वेगळा वागतो. पोराला तर आपण तसंही वेळेवर ये, मोबाइल ठेव म्हणून बांधतच असतो. या कागदाने मालक बांधला जातो, आणि माझ्या हिशेबाने सगळी किंमत त्यातच आहे.

काटोलची एक मुलगी आली, मशिनिस्ट ट्रेडची. आमच्या शेडमधली पहिली. आधी वेगळं बाथरूम बांधावं लागलं, तेही बरंच झालं, ऑफिसात मी इतकी वर्षं कशी काढली ते मलाच माहीत. दुसरं प्रकरण दुपट्ट्याचं. नागपूरच्या उन्हात बायका-पुरुष सगळेच तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात, आणि शेडमध्ये आल्यावर तो गळ्यातच राहतो. लेथच्या फिरत्या चकसमोर (जॉब पकडणाऱ्या भागासमोर) गळ्यातला दुपट्टा म्हणजे फास. पहिल्याच दिवशी तिने आपला दुपट्टा काढून खुंटीला टांगला आणि शेजारच्या ऑपरेटरला विचारलं, "भाऊ, तुमचा?" आयटीआयच्या सरांनी हे तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. आमच्या जुन्या माणसांना वर्षानुवर्षं सांगून जे जमलं नव्हतं ते तिच्या त्या एका प्रश्नाने झालं, कारण पोरीसमोर कोणाला भित्रं किंवा अडाणी दिसायचं नसतं. आता मशीनभोवतीच्या पिवळ्या पट्टीच्या आत दुपट्टा नाही, आणि लेथवर हातमोजे नाहीत. ती मुलगी पास झाली आणि आमच्याकडेच इन्स्पेक्शनला पगारावर आहे. सकाळी लोकमान्य नगरच्या मेट्रोतून उतरून सगळ्यांच्या आधी गेटवर असते.

सगळेच थांबत नाहीत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात: शिकवा आपण आणि पळवा बुटीबोरीच्या मोठ्या कंपनीवाल्यांनी? कायदा इथे सरळ आहे. करारात तसं लिहिलं नसेल तर मुदत संपल्यावर मालकावर नोकरी देण्याचं बंधन नाही आणि पोरावर ती घेण्याचंही नाही. तो सावनेरचा गेजवाला पोरगा बुटीबोरीतल्या एका मोठ्या कंपनीत गेला. आम्ही देऊ शकलो असतो त्यापेक्षा पगार चांगला होता, मी काय सांगून थांबवणार होते? शेजारचे म्हणाले, बघा, नुकसान झालं. मी हिशेब करून बघितला. पहिले चार-पाच महिने त्याने आमचा वेळ आणि माल खाल्ला, खरं आहे. शेवटच्या महिन्यांत तो एक मशीन जवळजवळ एकट्याने चालवत होता. आमच्याकडून गेला तेव्हा कोणाचंच कोणाला देणं नव्हतं.

शिवाय हुशार पोरांची नजर आधीपासून दुसरीकडे असते. रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपची अप्रेंटिसची जाहिरात आली की आयटीआयच्या दारात जत्रा असते, आणि कारणही आहे: रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल-1 च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव आहेत. अंबाझरीची आयुध निर्माणी, महावितरण, महानिर्मिती, मग मोठ्या खासगी कंपन्या, आणि त्यानंतर आमच्यासारखे. आमच्या वाट्याला जे येतात ते टक्केवारीत मागे असतात. त्यातले काही हाताचे पक्के निघतात. निवडताना मी मार्क बघत नाही, मिस्त्री एक व्हर्निअर (जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन) हातात देतात आणि मोजायला लावतात. पोरगा आधी जबडे पुसतो का, एवढंच ते बघतात.

आणि एक तक्रार, जी योजनेची नाही पण योजनेच्या नावावर खपते. एका मोठ्या युनिटमधून शिकाऊ म्हणून वर्ष काढून आलेला पोरगा आमच्याकडे नोकरीला आला. हातात करार, बँकेत विद्यावेतन, सगळं नियमात. वर्षभर त्याने कन्व्हेअरवर एकाच जागी चार बोल्ट आवळले होते. मायक्रोमीटर धरायचा कसा ते त्याला माहीत नव्हतं, आणि ट्रेड फिटर. लाइन चालवायला स्वस्त हात हवे म्हणून असे घाऊक शिकाऊ भरले जातात. दरवर्षी जुने बाहेर, नवे आत. मग पोरं एकमेकांना सांगतात की अप्रेंटिस म्हणजे वर्ष वाया, आणि त्याची झळ आमच्यासारख्यांना बसते. आईवडिलांना माझं सांगणं: सही करण्याआधी करारावर ट्रेड कोणता लिहिलाय ते वाचा, आणि त्या कारखान्यातल्या आधीच्या पोराची डायरी बघायला मागा. दाखवत नसतील तर समजून घ्या.

मालकांनी विचारावं ते वेगळं. तुमच्याकडे शिकवू शकेल असा माणूस आहे का, आणि त्याचा तास तुम्ही विकत घ्यायला तयार आहात का? नसेल तर सरळ हेल्पर ठेवा, पूर्ण किमान वेतन द्या, कोणाची फसवणूक नको.

यंदाच्या जागा टाकायला मी पोर्टल उघडून बसले होते. कायद्याने आमच्या तीन बसतात. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "दोनच द्या वैनी. तिसरा आला का तो झाडूच मारते." दोन टाकल्या.